‘काळजी’ या शब्दाला किती गुण?

साथीच्या काळात समाजाचे मन मोजण्याचे जे प्रयत्न झाले, ते तपासायला बसले की पहिली अडचण येते ती शब्दांची. अमेरिकेतील व्हर्मांट विद्यापीठाच्या संशोधकांनी कोविडच्या बऱ्याच आधी ‘हेडोनोमीटर’ नावाचे साधन तयार केले होते. पद्धत सरळ आहे. सुमारे १०,००० इंग्रजी शब्द लोकांपुढे ठेवायचे, त्यांच्याकडून प्रत्येक शब्दाला १ ते ९ गुण घ्यायचे आणि दिवसभरात ट्विटरवर कोणता शब्द किती वेळा आला ते पाहून त्या दिवसाच्या आनंदाची सरासरी काढायची. या कल्पनेतला धीटपणा मला आवडतो. मात्र तीच पट्टी भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्याला लावायची म्हटली की ती कुठे वाकते, हे पाहण्यासारखे आहे.

२०२०च्या मराठीत दोन शब्दांनी जागा बदलल्या. ‘शेजारच्या इमारतीत एक पॉझिटिव्ह निघाला’ हे वाक्य कानावर पडले की जिन्यावरची पावले थांबत. आणि ‘निगेटिव्ह आला’ असे कळले की घरातले लोक देवापुढे साखर ठेवत. शब्दांना ठरावीक गुण देणारे यंत्र इथे नेमके उलटे निदान करणार. अर्थात ही दुरुस्ती सोपी आहे, यंत्राला एकदा शिकवले की झाले. खरी परीक्षा ‘काळजी’ या शब्दाची. ‘मला काळजी वाटते’ यात धास्ती आहे, ‘तिने सासूची काळजी घेतली’ यात माया. त्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक फोन ‘काळजी घ्या’ने संपायचा. तो निरोप होता, ताकीद होती, आशीर्वाद होता आणि बोलणाऱ्याच्या पोटातला गोळाही होता. या शब्दाला ३ गुण द्यायचे की ७? दोन्हींच्या मध्ये ५ दिले, तर त्या वर्षातला सर्वांत भारलेला शब्द हिशेबात रंगहीन ठरतो.

शब्दमोजणीला पर्याय म्हणून प्रश्नावल्या वापरल्या गेल्या. नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ आणि चिंतेसाठी ‘जीएडी-७’ या त्यांतल्या जगभर चालणाऱ्या. दवाखान्यात समोर बसलेल्या एका माणसासाठी त्या उपयोगी आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांची बेरीज करून ‘समाजाची चिंता’ काढली की घोटाळा होतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप नीट लागली नाही का, असे त्यात विचारतात. पाळी दर आठवड्याला बदलते, अशा कामगाराने याचे काय उत्तर द्यावे? काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटली का, असाही एक प्रश्न आहे. एप्रिल २०२०मध्ये कारखाना बंद, ठेकेदाराचा फोन लागत नाही, खोलीचे भाडे तुंबलेले, अशा माणसाचे ‘हो’ हे लक्षण नव्हे, तो परिस्थितीचा बिनचूक अंदाज आहे.

तिसरा मार्ग हालचाली मोजण्याचा. गूगलने ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा काळ आधार धरून लोक घरी, कामावर, स्थानकांवर किती वेळ होते याचे अहवाल काढले. त्यात पुणे हा एक जिल्हा. वाकडच्या तीन खोल्यांच्या सदनिकेतले ‘घरी थांबणे’ आणि म्हाळुंगेच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांचे ‘घरी थांबणे’ एकाच रकान्यात. पहिल्या घरात कंटाळा असेल, दुसऱ्यात गुदमर. सरासरी मात्र एकच.

मोजमाप अपुरे असते, एवढीच तक्रार असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मार्च २०२०मध्ये राज्य सरकारने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७चा, पुण्याच्या प्लेगच्या वर्षातला. लोकांच्या भावना मोजण्याची यंत्रणा तेव्हाही होती. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सार आठवड्याच्या आठवड्याला अहवालात छापत असे. आजच्या भाषेत, तो भावनांचा निर्देशांकच. त्यात संपादकांचा राग उमटत होता. चिंचवडच्या चापेकरांच्या घरात काय साचत होते, ते टिपायला ते साधन नव्हतेच. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. पुढे सप्टेंबरात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. भावनेची इतकी ढोबळ व्याख्या क्वचितच कुणी केली असेल. मूळ लेखन मराठी, पुराव्यात त्याचे इंग्रजी भाषांतर, आणि गुण देणारे नऊ जण: सहा युरोपीय ज्युरर म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. मोजणाऱ्याच्या जागेवर निकाल कसा अवलंबून असतो, याचे याहून लख्ख उदाहरण मला ठाऊक नाही. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

म्हणून पुढच्या साथीत कुणी या पट्ट्याचे मन मोजायला निघाले, तर आधी विचारावेसे वाटते: हे कोणासाठी, आणि उत्तर देणाऱ्याच्या पदरात काय पडणार? शिध्याची गाडी कुठल्या गल्लीत आधी न्यायची हे ठरणार असेल, तर मोजणी कच्ची असली तरी हरकत नाही. बंदोबस्त कुठे वाढवायचा हे ठरणार असेल, तर कितीही अचूक असली तरी मला ती नको.

आणि ‘काळजी किती वाटते’ असे विचारण्याऐवजी ‘कोणाची वाटते’ असे विचारून पाहावे. मे २०२०मध्ये श्रमिक गाड्यांसाठी नाव नोंदवायला रांगेत उभ्या राहिलेल्यांचे उत्तर बहुधा गावाच्या नावाने सुरू झाले असते. हाच प्रश्न हिंदीत नेताना पुन्हा थांबावे लागेल, कारण तिथे ‘चिंता होना’ वेगळे आणि ‘खयाल रखना’ वेगळे. चाकणच्या एकाच खोलीत बीडचा मुलगा आणि बिहारचा मुलगा शेजारी बसून तोच कागद भरत असतील, तर पहिल्याला एका शब्दावर दोनदा खूण करावी लागेल आणि दुसऱ्याला दोन शब्दांतून एक निवडावा लागेल.