ताप आला नाही, म्हणून लस खोटी?

मुंबईत करोनाच्या लसीकरणाला 16 जानेवारी 2021 रोजी ज्या केंद्रांवर सुरुवात झाली, त्यांत जुहूचे कूपर रुग्णालय होते. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे, त्रास होत नाही ना हे पाहायचे, ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्या असे सांगून घरी पाठवायचे, हा परिपाठ सगळीकडे रूढ झाला. पुढचे काही महिने जुहूपासून बोरिवलीपर्यंत जो भेटेल तो विचारी, "तुम्हाला ताप आला का?" ज्याला आला त्याला लस 'लागू पडली', असे सगळे मानत. ज्याला आला नाही तो मनातून खट्टू होई.

मग कांदिवलीचे प्रकरण घडले. 30 मे 2021 रोजी तेथील एका गृहसंकुलात खाजगी शिबिर भरले. सुमारे 390 जणांनी प्रत्येकी 1260 रुपये देऊन लस टोचून घेतली. नंतर रहिवाशांच्या लक्षात आले की ताप, कणकण, अंगदुखी असे काही कोणाला झालेलेच नाही. मोबाइलवर संदेश आला नव्हता आणि प्रमाणपत्रे आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांनी. तक्रार झाली, अटका झाल्या. मुंबईत अशी अनेक बनावट शिबिरे झाल्याचे आणि दोन हजारांहून अधिक लोक फसल्याचे उघडकीस आले. कुप्यांत लशीऐवजी खारे पाणी असावे, असा तपास यंत्रणेचा कयास होता.

या घटनेतून पुष्कळांनी धडा घेतला तो असा: ताप न येणारी लस खोटी. हा धडा चुकीचा आहे. त्या रहिवाशांचा तर्क मात्र बरोबर होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे वर्गात समजावून सांगण्याजोगे आहे.

कोविशील्डच्या माहितीपत्रकात आकडे छापलेले होते. टोचल्या जागी हात लावल्यास दुखणे 60 टक्क्यांहून अधिक लोकांत, डोकेदुखी व थकवा 50 टक्क्यांहून अधिक, ताप किंवा कणकण 30 टक्क्यांहून अधिक. सोयीसाठी ताप नेमका 30 टक्के लोकांना येतो असे धरू. म्हणजे 70 टक्के लोकांना ताप येतच नाही. एकट्या माणसाला ताप आला नाही तर त्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. चौघांच्या कुटुंबात एकालाही ताप न येण्याची शक्यता 0.7 चा चौथा घात, म्हणजे सुमारे 24 टक्के. दहा जणांच्या गटात ती 3 टक्क्यांवर येते. आणि शंभर जणांत? दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये आणि मग 3. (यात प्रत्येकाचा ताप दुसऱ्याच्या तापापासून स्वतंत्र मानला आहे. उतारवयात हा त्रास कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब थोडा बदलेल.) जो पुरावा एका माणसाच्या बाबतीत कवडीमोलाचा, तोच चारशे माणसांच्या बाबतीत जवळजवळ निर्णायक ठरतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांना संभाव्यता शिकवताना नाणी आणि फासे किती दिवस उडवायचे?

येथे आणखी एक गंमत आहे. करोना लशींच्या चाचण्यांत ज्यांना लशीऐवजी निष्क्रिय द्रव टोचला, त्यांच्यापैकीही सुमारे 35 टक्के लोकांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी केल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात दिसते. त्रास होणार अशी अपेक्षा असली की त्रास जाणवतो. तेव्हा खऱ्या-खोट्याच्या पारखीला डोकेदुखी फारशी कामाची नाही. थर्मामीटरवर मोजलेला ताप अधिक भरवशाचा.

'ताप म्हणजे लस लागू पडली' ही समजूत आली कोठून? ती अगदीच निराधार नाही. देवीची लस काढल्यावर काही दिवसांनी दंडावर फोड उठला की नाही हे पाहत. उठला नाही तर पुन्हा लस टोचत. तेथे फोड हीच लस रुजल्याची खूण होती. बीसीजीचा व्रणही आपल्या पिढीने दंडावर मिरवला. पण बीसीजीचा व्रण नसला म्हणून संरक्षण नाही असे समजू नये आणि त्यासाठी पुन्हा लस देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट केले आहे. देवीचा नियम आपण सर्व लशींना लावत बसलो.

यात आपल्या शिकवण्याचाही वाटा आहे. शरीर म्हणजे किल्ला, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, ताप म्हणजे लढाई, ही उपमा मुलांना आवडते, म्हणून आपण ती वापरतो. मग मूल सरळ विचारते: ताप नाही, म्हणजे लढाईच झाली नाही? लस टोचल्यावर काही तासांत आद्य प्रतिकारयंत्रणेच्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन शरीराचे तापमान वरच्या पातळीवर नेले जाते. हा कारभार बहुधा एक-दोन दिवसांत आटोपतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी लसिकाग्रंथींत वाढायला पहिल्या मात्रेनंतर आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ते काम चालू असताना माणसाला काही जाणवत नाही. दुसरी क्रिया पहिलीवर अवलंबून आहे खरी, पण पहिलीचा ताप दिसण्याइतका चढलाच पाहिजे असे नाही.

वेळेचे हे भान नसल्याने उलट बाजूनेही नुकसान होते. गोवराच्या लशीतील जिवंत, क्षीण केलेला विषाणू आधी शरीरात वाढतो, म्हणून तिचा ताप आठवड्याभराने येतो; तेव्हा तो लशीचा असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोविशील्डनंतर क्वचित आढळलेला, प्लेटलेट घटून रक्ताच्या गुठळ्या होण्याचा विकार पहिल्या दोन दिवसांत न दिसता साधारण चार दिवसांनंतर, पुढच्या काही आठवड्यांत दिसे. दहाव्या दिवशी सुरू झालेल्या तीव्र डोकेदुखीला 'लशीचेच आहे, जाईल' म्हणून घरी बसणे धोक्याचे होते. पहिल्या रात्रीच्या तापाने घाबरून दुसरी मात्रा न घेणे तितकेच अनाठायी होते; त्या लशीच्या दुसऱ्या मात्रेचा त्रास सहसा पहिलीपेक्षा कमीच असे.

करोनाची लाट ओसरली, पण हा प्रश्न दर आठवड्याला लसीकरणाच्या दिवशी उभा राहतो. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लस देतात. तिच्यातील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे ताप येणे, मांडी सुजणे, बाळ किरकिरे होणे नेहमीचे आहे. सहाव्या आठवड्याचा ताप पाहून एखादी आई दहाव्याला येतच नाही, आणि बाळ डांग्या खोकल्याला अर्धवट उघडे राहते. परिचारिकांनी प्रत्येक आईला चार गोष्टी सांगाव्यात असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, कोणता त्रास होऊ शकतो व त्यावर काय करायचे, पुढच्या वेळी केव्हा यायचे, आणि कार्ड जपून ठेवायचे. यांतली दुसरी गोष्ट बहुधा गोळीपाशीच संपते. त्रास किती जणांना होतो, किती वेळात उतरतो, केव्हा डॉक्टर गाठायचा आणि काहीच झाले नाही तरी लस वाया गेलेली नाही, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात.