एका पाणीदार यंत्राचे परीक्षण

तीस वर्षं मी नाटकांची परीक्षणं लिहितो आहे. एवढ्या काळात माझ्या लेखणीमुळे एखादं नाटक सुधारल्याचं ऐकिवात नाही. दोन नाटककार माझ्याशी बोलेनासे झाले, एवढीच काय ती जमेची बाजू. त्यामुळे शेजारचे पात्रांव जेव्हा म्हणाले, "नाटकांवर लिहितोस ना? मग आमच्या मशीनवरही लिही मरे!" तेव्हा मला हायसं वाटलं. यंत्र निदान रस्त्यात दिसल्यावर तोंड फिरवणार नव्हतं.

पात्रांव हे त्यांचं नाव नव्हे. बार्देशात आमच्या वाड्यावर ते प्रत्येकाला 'पात्रांव' म्हणून हाक मारतात, म्हणून वाडा त्यांना पात्रांव म्हणतो. जन्मभर तारवटी. बोटीच्या इंजिनांत हात काळे केलेला माणूस निवृत्त होऊन बाल्कांवावर बसला की त्याला घरातली प्रत्येक वस्तू नादुरुस्त दिसू लागते. त्यांचा एक भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिकडे हरणाची शिकार झाली की लोक गॅरेजमध्ये बसून घरच्या घरी सॉसेज भरतात म्हणे, आणि त्यांतले काही हौशी ते काम चक्क नळाच्या पाण्याकडून करून घेतात. भाच्यानं एवढंच सांगितलं. बाकीचं पात्रांवांनी ऐकलंच नाही. ते उठून पाइप आणायला म्हापशाला गेले.

आता यंत्राचं कथानक. आपल्याकडचा चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. तो चार इंची पीव्हीसी पाइपाएवढा फुगवा आणि आडवा निजवा. एका तोंडाला नळी, नळीवर चढवलेलं आतडं. मध्ये दट्ट्या. दट्ट्याच्या पुढे मांस, मागे नळाचं पाणी. तोटी सोडली की पाणी दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या मांसाला, आणि मांस आतड्यात. संपलं कथानक. सुटसुटीत आहे, यात शंका नाही. आमच्या काही नाटककारांनी शिकण्यासारखं आहे.

या कथानकाला परंपराही मोठी आहे. कोंडलेल्या पाण्यावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो हे सतराव्या शतकात पास्कलनं मांडलं. त्याच्या जोरावर जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं. पुढे लंडनमध्ये एका कंपनीनं १८८३ पासून १९७७ पर्यंत रस्त्याखालच्या नळांतून दाबाचं पाणी विकलं आणि त्यावर लिफ्ट आणि याऱ्या चालवल्या. तेव्हा पाण्याकडून काम करून घेण्याची कल्पना काही खुळचट नाही.

प्रश्न नळाचा आहे. तिकडे घरच्या नळाला चौरस सेंटिमीटरला तीन-साडेतीन किलोचा दाब असतो. आमच्या वाड्यावरचा नळ पहाटे थोडा वेळ खोकतो, एवढंच. पण पात्रांव हार जाणारे नव्हेत. त्यांनी गच्चीवरची टाकी यंत्राला जोडली आणि मला कागदावर हिशेब करून दाखवला. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो. टाकी सहा मीटरवर, म्हणजे ०.६ किलो. दट्ट्याचा व्यास दहा सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ७८. गुणाकार करा: ४७ किलो! "म्हणजे एक सडपातळ माणूस दट्ट्यावर चोवीस तास उभा, आणि तोही बिनपगारी," पात्रांव म्हणाले. गणितात चूक नव्हती. मी दोनदा तपासलं.

आणखी एक गुण मान्य केला पाहिजे. पाणी दाबानं आकसत नाही. त्यामुळे जोडण्या नीट असतील तर पाइप फुटला तरी फक्त भिजायला होतं. हेच काम कोंडलेल्या हवेकडून करून घेतलं तर पीव्हीसीच्या ठिकऱ्या उडून परीक्षकासकट प्रेक्षागृह रिकामं होईल.

पहिला प्रयोग मे महिन्यात झाला. पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. गोव्याची चोरीस कशी होते ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो (आणि ज्यांच्या घरी मी हे खातो हे ठाऊक नाही, त्यांनी हा परिच्छेद गाळावा). डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे करायचे, मीठ लावायचं, वर वजन ठेवून पाणी निथळू द्यायचं. मग लाल मिरची, लसूण, मसाले आणि माडाच्या सुरेचा व्हिनेगर लावून मुरत ठेवायचं. मग आतड्यात ठासून भरायचं, दोऱ्यानं मण्यांसारखं बांधायचं आणि उन्हात नाहीतर चुलीवरच्या धुरात वाळवायचं. ही सगळी विद्या एका वाक्यात सांगायची तर: मांसातलं पाणी हाकलून द्या.

आणि पात्रांवांनी याच पदार्थाच्या पाठीशी एक टाकीभर पाणी उभं केलं होतं!

पहिल्या अंकात तोटी सुटली आणि काहीच झालं नाही. नायकाची एन्ट्री लांबली की प्रेक्षक खुर्च्यांत चुळबुळतात, तसे आम्ही चुळबुळलो. विस्कॉन्सिनचं मांस बारीक दळलेलं. आमच्या चोरिसाचे तुकडे. दोन तुकडे नळीच्या तोंडाशी एकमेकांना 'आधी आपण' म्हणत अडकले. दुसऱ्या अंकात ते सुटले आणि वीतभर चोरीस अशी झोकात बाहेर आली की आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या अंकात दट्ट्याचा वायसर गेला. तोटी बंद करीपर्यंत मागचं पाणी पुढे आलं आणि आतड्यात तांबूस कालवण भरू लागलं.

ओली झालेली चोरीस टिकत नाही. तेव्हा ते पाच किलो मांस त्याच संध्याकाळी कांद्यावर परतून सगळ्या वाड्यानं पावाबरोबर खाल्लं. चव उत्तम होती, हेही नोंदवतो. त्या जेवणात मी माझं परीक्षण तोंडी सादर केलं. म्हणालो, "चोरीस तळून खातात, भाजून खातात हे ठाऊक होतं, पात्रांवांनी ती बुडवून दाखवली!" हशा पिकला. दोन माणसं तेवढी हसली नाहीत. एक पात्रांव. दुसरी त्यांची आई. आम्ही तिला मांय म्हणतो.

उठताना मी मांयच्या हातात पाव द्यायला गेलो, तर तिनं तो दोन्ही तळव्यांत धरला. अंगठे वळतच नव्हते. सांध्यांशी सुजून बोरांएवढे झाले होते. साठ वर्षं या बाईनं नरसाळ्यातून अंगठ्यानं दाबून दाबून चोरीस भरली. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, ती ऐकेना. दुसऱ्याच्या हातची तिला चालेना. म्हणून मुलानं पाइप कापला होता. विस्कॉन्सिन वगैरे नुसती सबब.

मी नाटक बघून येतो, घोटभर चहा घेतो आणि लिहितो. ते कुणी, कुणासाठी उभं केलं हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. त्यानं नाटक चांगलं होत नाही, हे खरं. गळका वायसर प्रेमानं बसवला तरी गळकाच. पण परीक्षणातला विनोद जरा आखूड करता आला असता.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी पात्रांवांना म्हणालो, "यंत्र ठेवा, पाणी काढा." आयुष्यातलं माझं सर्वांत छोटं परीक्षण. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हापशाच्या लेथवाल्याकडून त्यांनी स्टीलचं नळकांडं आणलं, दट्ट्याला आट्यांचा दांडा बसवला, वर लांब मूठ. म्हणजे आमचा सोऱ्याच, थोराड वयाचा. नळी त्यांनी रुंद केली. मूठ तळहातानं फिरते; अंगठ्याला सुट्टी.

मांयनं ती फिरवली. चोरीस सावकाश बाहेर आली. प्रत्येक मणी ती बोटांनी चाचपत होती. एका ठिकाणी थांबली. "हांगा वारें," म्हणाली, आणि सुईनं टोचून आतली हवा काढली. दोष सांगितला, दाखवला, दुरुस्त केला. मी मनात म्हटलं, परीक्षण याला म्हणतात.

पात्रांव तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाकडे विंगेतून नाटककार बघतो तसे. माळ पुरी झाली तेव्हा मांय म्हणाली, "पुरो."

हे 'पुरो' यंत्राला होतं, मांसाला होतं, की आम्हा दोघांच्या बडबडीला, ते कळलं नाही. पात्रांवांनी मात्र ते स्तुती म्हणून घेतलं. मीही तसंच छापतो आहे.