साखर आहे का तुला?

मराठी मालिकेत किंवा नाटकात डायबेटिसवाला माणूस आला की पुढचं दृश्य सांगायला नको. रात्रीची वेळ, उघडा फ्रिज, आजोबांच्या हातात गुलाबजाम आणि मागून सूनबाईंचा आवाज, "बाबा!" आजोबा खोटं बोलतात, वाटी काढून घेतली जाते, आपण हसतो. विनोद म्हणून तो वाईट नाही. पण इतक्या वर्षांत त्याने आपल्याला एक गोष्ट फार पक्की शिकवली आहे: शुगरवाल्याच्या हातातलं गोड हिसकावून घेणं म्हणजे त्याच्यावर प्रेम करणं.

मी टाइप वन आहे. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवत नाही, म्हणून ते रोज टोचून घ्यावं लागतं. या बाजूने बघितलं की गुलाबजामचा विनोद वेगळा दिसतो. बाहेर, अनोळखी माणसांत, मला सगळ्यात मोठा धोका साखर वाढण्याचा नसतो, उतरण्याचा असतो. इन्सुलिन जरा जास्त झालं, जेवण लांबलं किंवा उन्हात चालणं वाढलं, तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. आणखी खाली गेली तर फिट येते, शुद्ध हरपते. आणि यावर घरगुती औषध काय? साखर. तीन चमचे, पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बस.

गुलाबजामवाल्या आजोबांनाही हे लागू आहे, बरं का. ते ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील आणि त्यावर आषाढीचा उपास धरला असेल, तर त्यांचीही साखर उतरते. तेव्हा वाटी हिसकावणारी सूनबाई विनोदी राहत नाही.

आपल्या भाषेनेही इथे गोंधळ घालून ठेवलाय. आपण म्हणतो, "मला शुगर आहे." म्हणजे आजार आहे. थरथरत्या हाताने, अर्धवट शब्दांत हे वाक्य एखाद्या भल्या माणसाला सांगून बघा. तो तत्परतेने तुमच्या हातातलं फ्रूटीचं पाकीट बाजूला ठेवेल. "शुगर आहे ना तुम्हाला? मग हे नको." त्याच्या चांगुलपणात काही कमी नाही. त्याने वाक्य जसं शिकवलं गेलं तसंच वाचलं.

म्हणून मी सिनेमांकडे या नजरेने बघायला लागलो: साखर उतरलेलं माणूस पडद्यावर आलं की आजूबाजूचे लोक त्याला कसं वाचतात?

'स्टील मॅग्नोलियाज' (१९८९) हा या बाबतीतला सगळ्यात प्रसिद्ध सिनेमा. रॉबर्ट हार्लिंगने आधी नाटक लिहिलं, बहिणीच्या मृत्यूनंतर; तिला डायबेटिस होता. लग्नाच्या दिवशी ब्यूटी पार्लरमध्ये केस करून घेताना शेल्बीची साखर उतरते. ज्युलिया रॉबर्ट्स इथे गोड दिसायचा प्रयत्न करत नाही, हे मला फार आवडतं. ती थरथरते, चिडते, आईचा हात झटकते, ज्यूस नको म्हणते. आई, म्हणजे सॅली फील्ड, तिचं डोकं धरून तिला ज्यूस पाजतेच. साखर उतरलेला माणूस मदतीला नाही म्हणतो, हे इतकं खरं कुणी दाखवलेलं मी बघितलं नाही. त्या क्षणी "नको" म्हणणारा मेंदूच उपाशी असतो.

आणि मग? मग ती सावरते, आणि बायका पुन्हा केसांवर, गावगप्पांवर येतात. हेही खरं आहे. लो येतो, जातो, वीस मिनिटांनी तुम्ही कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत असता. सिनेमाचा उत्तरार्ध, मूल, किडनी, मृत्यू, मला तितकासा पटत नाही. तिथे आजार नशिबाची खूण बनतो आणि रडवायचं काम त्याच्याकडे जातं. पण ते पार्लर बघा. अॅनेल त्या दिवशी तिथे नवीन आहे, तिला कुणीच ओळखीचं नाही. तिच्यासमोर हे सगळं घडतं. एका अनोळखी मुलीचा धडा असा होतो: या आजारात ज्यूस काढून घेत नाहीत, पाजतात.

तरी तिथे आई हजर असते, आणि आईला सगळं माहीत असतं. आई नसेल तर काय?

डेव्हिड फिंचरच्या 'पॅनिक रूम'मध्ये (२००२) याचं उत्तर आहे आणि ते विचित्र आहे. घरात चोर शिरलेत, आई आणि मुलगी पोलादी खोलीत कोंडल्यात, मुलीला डायबेटिस आहे. पुढे डाव उलटतो: आई बाहेर राहते, मुलगी चोरांबरोबर आत. मुलीला फिट येते. आई बाहेरून विनवते, आणि फॉरेस्ट व्हिटेकरने केलेला बर्नहॅम हा चोर तिला इंजेक्शन देतो. घरफोडी करायला आलेला माणूस, डॉक्टर नाही, नातेवाईक नाही. काय करायचं ते कळलं आणि त्याने केलं.

फिंचरला डायबेटिस हवाय तो टाइम बॉम्ब म्हणून, हे उघड आहे. मुलीच्या मनगटावर साखरेचा आकडा उतरताना दिसतो आणि आपला श्वास अडकतो. मला या युक्तीचा राग येतो. (त्याहून जास्त राग येतो 'मेमेंटो'चा. तिथे इन्सुलिन हे एका बाईला मारायचं साधन होतं, आणि सिनेमा बघून आलेले मित्र पुढे आठवडाभर माझ्या पेनकडे बघत राहतात.) पण बर्नहॅमच्या दृश्यात फिंचर त्याच्या युक्तीपेक्षा मोठा होतो. दया ही तिथे स्वभावातून आपोआप वाहत नाही. तिला माहिती लागते: कुठलं औषध, कुठे टोचायचं. माहिती मिळाल्यावर चोरसुद्धा दयाळू होऊ शकतो. माहिती नसेल तर संतही फ्रूटी काढून घेईल.

या दृश्याला आपल्याकडे एक तळटीप लागते. असं जीव वाचवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन आपल्या गावच्या मेडिकलमध्ये मागून बघा. सहसा मिळत नाही. आपल्या हातात साखर असते, आणि माणूस गिळण्याच्या शुद्धीत असेपर्यंतच तिचा उपयोग. शुद्ध गेली की तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. आपले लोक मात्र फिट दिसली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. यातही दया ओसंडून असते.

आता माझा किनारा. अलिबाग, मांडवा, रेवदंडा, मुरूड. इथल्या माणसांना संकट ओळखता येत नाही असं कुणी म्हणू नये. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ अजंठा बोट बुडाली तेव्हा पोलिसांच्या गस्ती बोटीने धाव घेऊन ८८ प्रवाशांना बाहेर काढलं. बुडणारा माणूस या किनाऱ्याला वाचता येतो. दिसला की दोर टाकायचा, विचारपूस नंतर. साखर उतरलेला माणूस मात्र इथे नेमका चुकीचा वाचला जातो, कारण शनिवार-रविवारी किनाऱ्यावर घामेघूम, झोकांड्या खाणारे, अडखळत बोलणारे बरेच असतात, आणि त्यांना काय झालेलं असतं ते सगळ्यांना माहीत असतं.

दोन वर्षांपूर्वी अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या बसमध्ये मी तसा दिसत होतो. शनिवार, पर्यटकांच्या गाड्या, बस तासभर जवळपास जागच्या जागी. खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या संपलेल्या. शेजारचे गृहस्थ आधी खिडकीकडे सरकले, मग उठून उभेच राहिले. दिवसाढवळ्या, असं काहीतरी पुटपुटले. मागच्या बाकावर रिकामी पाटी घेऊन बसलेली एक कोळीण मावशी पुढे आली, माझ्या मानेला हात लावून बघितला आणि विचारलं, "बाला, साखर हाय का तुला?"

मी मान हलवली. आणि इथे ते नेहमीचं वाक्य उलटं चाललं. तिने पिशवीतून वाण्याकडची साखरेची पुडी काढली, दातांनी फोडली आणि माझ्या तळहातावर ओतली. "खा. आमच्या घरान पन हाय." बस्स, इतकंच. ती मला 'पेशंट' म्हणून वाचत नव्हती. घरात कुणाला तरी असं बघून तिला ही लिपी येत होती. मी सावरल्यावर तिने उरलेली पुडी दुमडून परत पिशवीत ठेवली आणि चौलच्या आधी उतरून गेली.

सिनेमातून सुटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मिनिटांत न मावणारी आणीबाणी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरूडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. इन्सुलिनची न उघडलेली बाटली थंड लागते, आणि फ्रिज बंद. अशा वेळी ओलं फडकं गुंडाळलेला माठ कामाला येतो, आणि ज्याच्याकडे जनरेटर आहे तो शेजारी. यात आकडा उतरणारं घड्याळ नाही, म्हणून फिंचरला यात रस नसावा. कुणा मराठी दिग्दर्शकाला असावा.

सध्या मी एका फार छोट्या मजकुराचं संपादन करतोय. पाकिटात ठेवायची कार्डं मिळतात, वर मोठ्या अक्षरांत 'मी मधुमेही आहे'. समीक्षक म्हणून मला हे पहिलं वाक्य चुकीचं वाटतं. घाईत अनोळखी माणूस पहिलीच ओळ वाचतो, आणि ती ओळ त्याला गुलाबजामच्या विनोदाकडे घेऊन जाते. मी माझं कार्ड स्वतः लिहिलंय. पहिली ओळ: 'मला आत्ता साखर द्या.' दुसरी: 'मी प्यायलेलो नाही.' मधुमेह तिसऱ्या ओळीत. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा, हे पुढच्या बाजूला मावत नाही. ते मागे लिहिलंय आणि पुढे कोपऱ्यात एक बाण काढलाय.