ठोसा एकाचा, जबाब कोणाकोणाचा?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण हेतू आणि परिणाम यांचा विचार केला, पण तो बराचसा पुस्तकांतून. आज तोच विचार मैदानात नेऊ या. मैदान ऑस्ट्रेलियातलं आहे आणि खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिथली माणसं त्याला नुसतं 'फुटी' म्हणतात. या मालिकेचे काही श्रोते मेलबर्नचे आहेत, त्यांना यातलं पुष्कळ आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

बाकीच्यांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा, म्हणजे एका वेळी छत्तीस माणसं मैदानात. खेळाचे पहिले लिखित नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये झाले. आपल्या विषयासाठी एक गोष्ट महत्त्वाची : या खेळात ऑफसाइड नाही. प्रतिस्पर्धी समोरून येईल, मागून येईल, बाजूने येईल. चेंडू एकीकडे आणि दोघांची झटापट शंभर पावलांवर दुसरीकडे, हे इथे नेहमीचं. चेंडूवर डोळा ठेवणाऱ्या पंचाला ती झटापट दिसेलच असं नाही. पंचाच्या पाठीमागे काय घडतं, हा आपला आजचा प्रश्न.

१९८५ साल. हॉथॉर्न विरुद्ध जिलाँग. हॉथॉर्नचा कर्णधार ली मॅथ्यूज याने चेंडूपासून दूर असलेल्या नेव्हिल ब्रन्सला मारलं. ब्रन्सचा जबडा मोडला. त्या काळी मैदानात पंच दोन. त्यांनी काही नोंदवलं नाही, टीव्हीच्या कॅमेऱ्यालाही तो फटका सापडला नाही. तरी प्रकरण दबलं नाही. तेव्हाच्या व्हिक्टोरियन लीगने चौकशी करून मॅथ्यूजची नोंदणी चार आठवडे रद्द केली. पोलिसांनी मारहाणीचा गुन्हा लावला, न्यायालयाने हजार डॉलर दंड केला. पुढे अपिलात तो निकाल बदलला. मैदानावरच्या फटक्यासाठी पोलीस आले, याचंच लोकांना तेव्हा जास्त आश्चर्य वाटलं. आणि आज ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे खेळाडू दरवर्षी आपल्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला जो करंडक देतात, त्याचं नाव 'ली मॅथ्यूज ट्रॉफी' आहे. मॅथ्यूज खेळाडू म्हणून खरोखर फार मोठा होता, यात वाद नाही. पण खेळ कोणती आठवण जपतो आणि कोणती बाजूला ठेवतो, हे आपण पाहून ठेवू. पुढे लागेल.

आता शब्दाकडे येऊ. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची ही खोडच. आपण मराठीत 'जबाबदारी' म्हणतो. त्यात 'जबाब' आहे. पोलीस चौकीत जबाब लिहून घेतात, तोच. ज्याला विचारता येतं आणि ज्याने उत्तर दिलं पाहिजे, तो जबाबदार. 'दोषी' हा शब्द वेगळा. दोषी ठरतो तो शेवटी, सगळं ऐकून झाल्यावर. जबाब मात्र आधी, आणि पुष्कळांचा घ्यावा लागतो. फुटीतल्या हिंसेवर जी चर्चा चालते, त्यात हे दोन शब्द एकमेकांत मिसळलेले असतात असं आमचं मत आहे. एकाला दोषी ठरवलं की बाकी सगळ्यांचे जबाब माफ होतात.

२०१८चा ऑगस्ट घ्या. पर्थमधला स्थानिक सामना, वेस्ट कोस्ट विरुद्ध फ्रीमँटल. वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफने चेंडू लांब असताना अँड्र्यू ब्रेशॉला ठोसा मारला. ब्रेशॉ अठरा वर्षांचा, पहिलाच हंगाम. जबडा मोडला, दात जागचे सरकले. गॅफ काही मारकुटा म्हणून ओळखला जाणारा खेळाडू नव्हता. उलट स्वच्छ खेळणारा असाच त्याचा लौकिक. त्याने सांगितलं, मला छातीवर मारायचं होतं. लीगच्या न्यायाधिकरणाने आठ सामन्यांची बंदी घातली. त्या वर्षी त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकलं आणि तो बाहेर बसून राहिला.

अशा वेळी लगेच ऐकू येतं : खेळाच्या भरात झालं हो. हा 'भर' काय आहे? कोणी भरला? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात दारू पिऊन गुन्हा करणाऱ्याचा दाखला दिला आहे. असे कायदे होते की त्याला शिक्षा दुप्पट, कारण शुद्ध हरपली हे खरं, पण न पिणं त्याच्या हातात होतं. हा युक्तिवाद गॅफला लावला तर तो सुटत नाही. छातीवर मारायचा ठोसा हनुवटीवर बसला, पण ठोसा मारणं हे ठरवूनच होतं. इथवर आम्ही न्यायाधिकरणाच्या बाजूचे आहोत. 'मैदानात उतरला म्हणजे संमती दिली' हेही आम्हाला पटत नाही. खेळाडू टॅकलला संमती देतो, नियमातल्या खांद्याच्या धडकेला देतो. चेंडू लांब असताना जबड्यावर येणाऱ्या मुठीला कोणी संमती देत नाही.

पण ॲरिस्टॉटलचा दाखला पुढेही न्यायला हवा. पिणारा एकटाच प्यायला की त्याला कोणी पाजली?

१९८९चा अंतिम सामना. पुन्हा हॉथॉर्न आणि जिलाँग. पहिला चेंडू उडाला आणि जिलाँगचा मार्क येट्स चेंडूकडे गेलाच नाही. तो थेट हॉथॉर्नच्या डर्मट ब्रेरटनवर धावून गेला आणि त्याला आडवा केला. बरगड्या मोडल्या. ब्रेरटनने मैदानावर उलटी केली, उठला, खेळत राहिला आणि थोड्याच वेळात गोलही केला. हॉथॉर्न सहा गुणांनी जिंकलं. ब्रेरटनला टिपायचं हे जिलाँगच्या गोटात आधीच ठरलं होतं, हे पुढे उघडपणे सांगितलं गेलं. त्याच वर्षी ब्रेरटनने येट्सला मारलं होतं, त्याची ही परतफेड. म्हणजे इथे खेळाचा भर नव्हता. खेळ सुरूच झाला नव्हता. आणि तो सामना आजही इतिहासातल्या सर्वांत थोर अंतिम सामन्यांत गणला जातो. ती धडक पुन्हा पुन्हा दाखवतात, बरगड्या मोडून खेळणाऱ्याचं कौतुक करतात. कौतुक करावं असंच आहे ते, आम्हीही पाहताना थक्क झालो. पण त्या कौतुकाखाली धडक मारणाऱ्यांची बैठक झाकली जाते.

ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या एका खेळात, रग्बी लीगमध्ये, न्यायालयाने असं झाकण उघडलेलं आहे. त्याच १९८५ साली सिडनीत स्टीव्ह रॉजर्स या खेळाडूचा जबडा मार्क बगडेन याने मोडला. रॉजर्सने दावा लावला, तो खेळाडूवर आणि त्याच्या कँटरबरी-बँक्सटाउन क्लबवरही. न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने १९९३मध्ये क्लबलाही उत्तरदायी धरलं. कामगार मालकाच्या कामावर असताना जे करतो त्याची भरपाई मालकावर येते, हे जुनंच तत्त्व. फरक एवढाच की इथे काम म्हणजे खेळ. सामन्याआधी प्रशिक्षकाने खेळाडूंना कसं पेटवलं होतं, हेही त्या खटल्यात तपासलं गेलं. म्हणजे पाजणाऱ्याचा जबाब घेतला गेला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. क्लबला, प्रशिक्षकाला धरलं तर ठोसा मारणारा मोकळा सुटेल, सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. दुसरं वाक्य काही वेळा खरं असतं. सरकारी अहवाल वाचणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. पण पहिलं चूक आहे. जबाबदारी म्हणजे भाकरी नव्हे, की एकाला चतकोर दिला तर दुसऱ्याच्या ताटातला कमी होईल. सुपारी देणारा पकडला म्हणून मारेकऱ्याची शिक्षा कोणी अर्धी करत नाही. गॅफचे आठ सामने आठच राहू देत. प्रश्न आहे तो त्याच्या शेजारी आणखी कोणाला उभं करायचं याचा. गॅफच्या प्रकरणात क्लबने असं काही ठरवलं होतं असं कोणी म्हटलेलं नाही, आम्हीही म्हणत नाही. तिथे जबाब दुसऱ्या ठिकाणी मागावा लागेल, नियम बनवणाऱ्यांकडे. तिथल्या स्थानिक लीगांमध्ये लाल कार्ड आहे, खेळाडू बाहेर जातो. सर्वोच्च लीगमध्ये ते नाही. ब्रेशॉ जबडा धरून बाहेर गेला आणि ठोसा मारणारा खेळत राहिला. म्हणजे जखमी झालेला संघच त्या दिवसापुरता एक माणूस गमावतो. हा नियम कोणी एका खेळाडूने केलेला नाही.

आता अवघड उदाहरण. याच अँड्र्यूचा थोरला भाऊ अँगस ब्रेशॉ, मेलबर्नचा खेळाडू. सप्टेंबर २०२३, कॉलिंगवुडविरुद्ध फायनल्समधला सामना. अँगसने चेंडूला लाथ मारली. ब्रेडन मेनार्डने तो चेंडू अडवायला उडी घेतली, चेंडू हुकला आणि हवेतून खाली येताना त्याचा खांदा अँगसच्या डोक्यावर बसला. अँगस बेशुद्ध. न्यायाधिकरणाने मेनार्डला निर्दोष सोडलं. फेब्रुवारी २०२४मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, मेंदूच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने अँगसने खेळ सोडला.

एकाच घरातले दोन भाऊ. धाकट्याला मुद्दाम मारलं. तो बरा होऊन पुन्हा खेळला. थोरल्याला कोणी मुद्दाम मारलं नाही. त्याची कारकीर्द संपली. ज्याला 'नैतिक नशीब' म्हणतात आणि ज्यावर बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी एवढा काथ्याकूट केला, तो प्रश्न इथे एका कुटुंबात आला आहे. परिणामाकडे पाहून शिक्षा द्यायची तर मेनार्डला जास्त आणि गॅफला कमी. हे कोणालाही पटणार नाही. हेतूकडेच पाहायचं तर अँगसच्या बाबतीत विचारायला कोणी उरतच नाही.

लीगने वाट काढली ती अशी : २०२४पासून, चेंडू अडवायला जमीन सोडून उडी घेणाऱ्याने समोरच्याला डोक्यावर मारलं, तर ते निष्काळजीपणाचंच धरायचं, त्याने टाळण्यासाठी शक्य ते सारं केलं असेल तर गोष्ट वेगळी. नियम शहाणपणाचा आहे. पण त्यातही भार पुन्हा खेळाडूवरच टाकला आहे. धावत्या माणसाने हवेत असताना विचार करायचा. ज्यांना विचार करायला दशकं मिळाली, त्यांचं काय? २०२०मध्ये जाहीर झालं की थोर खेळाडू ग्रॅहम 'पॉली' फार्मरच्या मेंदूत सीटीई हा आजार होता, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला. असं निदान झालेला या लीगमधला तो पहिला, तेही मृत्यूनंतर. आज जुने खेळाडू लीगवर सामूहिक दावा लावून उभे आहेत. त्यांचा प्रश्न कोणी ठोसा मारला हा नाही. तुम्हाला काय माहीत होतं आणि तुम्ही काय केलं, हा आहे. आमच्या मते जबाबदारीचा हाच खरा प्रश्न, आणि तो न्यायाधिकरणाच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. त्या तक्त्यात रकाने तीन : मुद्दाम की निष्काळजी, आघात किती, डोक्यावर की अंगावर. चौथा रकाना नाही : मैदानाबाहेर कोणाला काय ठाऊक होतं?

प्रेक्षकांचं काय, असं मागच्या वेळी कोणी तरी चॅटमध्ये विचारलं होतं. लाख माणसं ओरडतात, ती जबाबदार का? आम्ही तिथे जरा सावध आहोत. लाख जणांचा जबाब घेता येत नाही, आणि ज्याचा जबाब घेता येत नाही त्याला जबाबदार म्हणणं ही नुसती नाराजी आहे. त्यांना दाखवायला जुन्या फटक्यांच्या चित्रफिती निवडून संगीत लावून जोडतो त्या माणसाचा मात्र घेता येतो. त्याचं नाव असतं, हुद्दा असतो, त्या फितीवर जाहिरात लागलेली असते.

इथे थांबू. चॅटमध्ये कबड्डीवरचा एक प्रश्न आलेला दिसतो, आधी तो घेऊ.