समेचा मानकरी

मार्कंड्याच्या देवळातील कोरीव मूर्तींपुढे आपण थक्क होतो. कोरणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणी विचारीत नाही. फंक हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत ऐकताना मला हीच खंत वाटते.

१९६० नंतरच्या दशकात जेम्स ब्राउनने त्याला घाट दिला. सुरावट त्याने मागे सारली. गिटार, ट्रंपेट, गळा, साऱ्यांनाच ठेका धरावयास लावले आणि चार मात्रांतल्या पहिलीवर सारा भार टाकला. आपली समच ती! पण आपला गवई लांबचा फेरा घेऊन समेवर येतो. फंक पुनःपुन्हा तिथेच पाय रोवतो. स्वरविस्ताराला त्यात वाव थोडा, हे खरे. मात्र त्याला एकसुरी म्हणणाऱ्यांनी १९७० ची ‘फंकी ड्रमर’ ही तबकडी ऐकावी. क्लाइड स्टबलफील्डचे हलके, अस्फुट ठोके मोठ्या ठोक्यांमधली जागा कशी जिवंत करतात!

पुढे शेकडो गाण्यांनी तो ठेका उचलला. पण रचनाकार म्हणून नाव ब्राउनचे. २०१७ साली वारलेल्या स्टबलफील्डला त्या उचलीचा मोबदला जवळजवळ मिळालाच नाही.

नायकाला टाळ्या खुशाल द्याव्यात. पण ज्याच्या हातामुळे आपला पाय हलला, त्याचे नाव रसिकाने तरी विचारावे.