सरासरीपलीकडचे मूल : एडीएचडीवरील मनोसामाजिक उपचार आणि एकत्रित आधारसामग्री – एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
एका जागी न बसणारे, हाती घेतलेले काम अर्धवट सोडणारे, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. अशी सर्वच मुले विकारग्रस्त नसतात. मात्र ही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसू लागली, सहा महिन्यांहून अधिक काळ घरी व शाळेतही टिकून राहिली आणि त्यांमुळे मुलाच्या दैनंदिन जीवनात बाधा येऊ लागली, तर अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असल्याचा विचार केला जातो. औषधांबरोबरच पालक-प्रशिक्षण व वर्गातील वर्तन-व्यवस्थापन हे मनोसामाजिक उपचार यावर केले जातात. ते कोणत्या मुलाला उपयोगी पडतात, हे ठरविण्यासाठी अनेक संशोधनांची आधारसामग्री एकत्र करण्याचा जो मार्ग अलीकडे पुढे आला आहे, त्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सरासरीची मर्यादा :
अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात मुख्य लक्षणांच्या बाबतीत केवळ वर्तनोपचारापेक्षा काटेकोर औषधोपचार सरस ठरला. परंतु पुढील विश्लेषणात असे आढळले की, ज्या मुलांना एडीएचडीबरोबर चिंताविकारही होता, त्यांना वर्तनोपचाराचा लाभ बराच अधिक झाला होता. सरासरीने झाकलेले सत्य उपगटात उघड झाले. मात्र एकाच अभ्यासातील उपगट लहान असतात आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष डळमळीत राहतात. प्रकाशित लेखांतील सरासरींची पुन्हा सरासरी काढूनही ही अडचण सुटत नाही. कारण छापील तक्त्यात वैयक्तिक मूल दिसत नाही.

यावरील उपाय म्हणजे मूळ संशोधकांकडून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद मिळवून त्या सर्व नोंदींचे एकत्रित विश्लेषण करणे. नेदरलँड्समधील ग्रोनमन व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या प्रकारचा आहे. पात्र ठरलेल्या 28 यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांपैकी 21 चाचण्यांतील 2,233 मुलांच्या नोंदी त्यांना उपलब्ध झाल्या. वर्तनोपचार परिणामकारक असल्याचे त्यांनी दाखविले. तसेच लक्षणे तीव्र असलेल्या, वर्तनविकार जोडीला असलेल्या आणि एकल पालकांच्या मुलांना हा उपचार देणे विशेष महत्त्वाचे आहे, असा निष्कर्ष मांडला.

परीक्षण :
या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि तीन आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप मापनाचा. ज्या पालकांनी प्रशिक्षण घेतले, त्यांनीच मुलात सुधारणा झाल्याचे सांगितले, तर त्या उत्तरात त्यांची आशाही मिसळलेली असते. सोनुगा-बार्क व सहकाऱ्यांच्या 2013 मधील विश्लेषणात, उपचाराची माहिती नसण्याचा संभव असलेल्या निरीक्षकांची मते घेताच मुख्य लक्षणांवरील वर्तनोपचाराचा परिणाम सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ उरला नाही. नोंदी कितीही एकत्र केल्या तरी मूळ मापनातील दोष त्यामुळे धुऊन निघत नाही.

दुसरा आक्षेप चलांचा. जे मूळ अभ्यासांत नोंदविलेच गेले नाही, त्यावरून उपचार व्यक्तीनुरूप करता येत नाही. अनेक अभ्यासांत समान असलेली माहितीच एकत्र करता येते. साहजिकच वय, लिंग, तीव्रता असे मोजके घटक उरतात.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे : या संचयात मुले कोणाची आहेत? अशा चाचण्या प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांत झाल्या. तेथील ‘एकल पालक’ या चलाचा अर्थ, आजी व काकूंच्या घरात वाढणाऱ्या, पण वडील कामासाठी परगावी असलेल्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही.

सोलापूरचा संदर्भ :
सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी उर्दू बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात. पालकाला त्याच्या घरच्या भाषेत प्रश्न विचारला नाही, तर ‘चंचल’, ‘खोडकर’ आणि ‘हट्टी’ यांतील भेद नोंदीत उतरत नाही. विडी वळणाऱ्या आईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. उपचारकेंद्रातील प्रत्येक बैठक म्हणजे तिच्या उत्पन्नातील घट होय. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे वेळापत्रक तर हंगामच ठरवितो. अशा ठिकाणी उपचार निष्फळ ठरला की तो अपुरा पडला, हे समजण्यासाठी मजुरी, भाषा व स्थलांतर हे घटक नोंदीत असलेच पाहिजेत.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 मध्ये पालघर येथून झाला. त्याच्या तपासणी-यादीत एडीएचडीचा समावेश आहे. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी 3,964 बालकांची समान पद्धतीने पाहणी करून तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे समान साधनांनी नोंदी घेणे आपल्याकडे अशक्य नाही. परंतु ही पाहणी विकारांच्या प्रमाणाची होती, उपचाराच्या फलिताची नव्हती.

येथे आपण अध्यापकांनी आत्मपरीक्षण करावयास हवे. मानसशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांसाठी शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. मध्यमान, प्रमाण विचलन व ‘टी’ मूल्य यांचा तक्ता तयार होतो, पदवी मिळते आणि मूळ प्रश्नावल्या रद्दीत जातात. प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखालील प्रबंधही यास अपवाद नाहीत. ज्या मुलांनी व पालकांनी आपला वेळ दिला, त्यांचे उत्तर एकदाच वापरून टाकून देणे हा अपव्यय तर आहेच, शिवाय तो त्यांच्यावरील अन्यायही आहे.

म्हणून जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एक समान नोंदपत्रक ठरवावे, पुनर्वापराची संमती आरंभीच घ्यावी आणि नावे वगळून नोंदी जतन कराव्यात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक आधारसामग्री संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक असल्याने पालकाची संमती हा केवळ उपचार मानता येणार नाही. लहान गावात नाव वगळले तरी मूल ओळखू येऊ शकते, याचेही भान ठेवावे लागेल.

समारोप :
एकत्रित आधारसामग्री हे व्यक्तीपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्या संचयात आपले मूल नाही, त्यातून निघालेला ‘व्यक्तीनुरूप’ उपचार आपल्यासाठी दुसऱ्यांची सरासरीच ठरतो. त्या संचयात सोलापूरच्या मुलाला स्थान मिळवून द्यावयाचे असेल, तर आरंभ परदेशी नियतकालिकांतून नव्हे, आपल्या विभागातील कपाटापासून करावा लागेल.