पीटर सेलर्स आणि हरवलेला 'मी'

पीटर सेलर्सबद्दल बोलायला लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: या माणसाला स्वतःचं व्यक्तिमत्त्वच नव्हतं, म्हणून तो कुणीही होऊ शकला. ही समजूत त्यानेच पसरवली. 'मपेट शो'मध्ये तर, पूर्वी आपल्यात एक 'मी' होता, तो शस्त्रक्रिया करून काढून टाकला, असा विनोदही त्याने केला. टीकाकारांनी त्या विनोदाचा सिद्धांत केला. आम्हांला तो पटत नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवल्याची खोड म्हणा, पण 'मी नाही' असं म्हणणारा कोण, हे विचारल्याशिवाय आम्हांला राहवत नाही.

१९२५ साली साउथसी इथे जन्म, घर रंगभूमीवर पोट भरणारं. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थानातही येऊन गेला. पुढे बीबीसीवर 'द गून शो', म्हणजे नुसता आवाज. आवाजाची नक्कल करणारे पुष्कळ असतात. पण १९५९ चा 'आय'म ऑल राइट जॅक' बघा. फ्रेड काइट हा कामगार पुढारी. नियमांची भाषा बोलणारा, सोव्हिएत रशियाची भाबडी स्वप्नं पाहणारा. बायको त्याच्याविरुद्धच संप पुकारून घर सोडते आणि हा ताठ मानेचा माणूस केविलवाणा होतो. आपण हसतो, पण त्याला तुच्छ लेखत नाही. कुणाला कुठवर हास्यास्पद करायचं, हे ठरवणारं कुणीतरी आत बसलेलं आहे. निवड म्हटली की निवडणारा आला!

क्लूझोबद्दल थोडक्यात. बर्गसाँ म्हणतो, जिवंत माणसात यंत्र शिरलं की हसू येतं. क्लूझो पडतो म्हणून नव्हे, पडलोच नाही असा आव आणतो म्हणून आम्हांला हसू येतं. सत्तरच्या दशकातले क्लूझोपट मात्र, खरं सांगायचं तर, आम्ही अर्धवट झोपेतच पाहिले.

आता अवघड जागा. 'द पार्टी', १९६८. गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग फासून केलेला हृंदी बक्षी. उच्चारांची ती थट्टा आम्हांला आजही बोचते आणि बोचलीच पाहिजे. तरी त्या मेजवानीत सगळ्यांत सुसंस्कृत माणूस तोच आहे, हेही डोळ्यांआड करता येत नाही. 'तू स्वतःला समजतोस कोण?' असं कुणी दरडावल्यावर बक्षी जे उत्तर देतो त्याचा आशय असा, की भारतात आम्ही तसं समजत बसत नाही, आम्हांला ते ठाऊक असतं. 'मी'च नसल्याचं सांगत फिरणाऱ्या नटाच्या तोंडी हे उत्तर!

शेवटी 'बीइंग देअर', १९७९. कोसिन्स्कीची ही कादंबरी पडद्यावर यावी म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला होता. चान्स हा माळी, बाग आणि दूरदर्शन यापलीकडे काही न जाणणारा. अनेकांना यात नटाचं रितेपण दिसतं. आम्हांला दिसतो कमालीचा संयम: एकही जादा हावभाव नाही. आणि श्रेयनामावलीबरोबर चित्रीकरणात फसलेले तुकडे दाखवले आहेत. संवाद म्हणता म्हणता सेलर्सला हसू आवरत नाही. ते तुकडे जोडल्याचा त्याला राग आला होता, भूमिकेची भूल मोडते म्हणून. राग रास्तच होता. १९८० च्या जुलैत तो गेला. पण आम्ही ते तुकडे पुन्हा पुन्हा पाहतो. तिथे हसतो आहे तो चान्स नव्हे, बक्षी नव्हे, क्लूझोही नव्हे.